बॉम्बे बीचला प्लॉट घेतला आणि कसा फसलो ते लिहितोय

डोंबिवलीचा माणूस जन्मभर लोकलला लटकून मुंबईत जातो आणि रात्री परत येतो, मुंबईत स्वतःची जागा काही होत नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियात 'बॉम्बे बीच' नावाचं गाव आहे आणि तिथे तलावाकाठी प्लॉट साडेचौदा हजार डॉलरला मिळतोय ही जाहिरात दिसली तेव्हा मी ती किती वेळा उघडून बघितली विचारू नका. आम्ही कॅलिफोर्नियातच अर्व्हाइनला राहतो, इथे तेवढ्यात गॅरेज पण येत नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, सातबारा बघितलास का? मी हसलो. म्हटलं बाबा अमेरिका आहे ही, सगळं ऑनलाइन असतं. तेव्हा हसलो त्याची लाज आता वाटते.

आधी गावाबद्दल सांगतो, कारण जाहिरातीत यातलं काहीच नव्हतं. बॉम्बे बीच ज्याच्या काठी आहे तो सॉल्टन सी हा समुद्र नाही, तलाव आहे, आणि तोही चुकून झालेला. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी शेतीच्या कालव्यातून फुटून खोलगट वाळवंटात शिरलं आणि १९०७ मध्ये रेल्वे कंपनीने भगदाड बुजवेपर्यंत शिरतच राहिलं. पाणी बाहेर जायला वाटच नाही, त्यात इंपीरियल व्हॅलीच्या शेतांतून वाहून आलेलं पाणी, मीठ साठत साठत आता पॅसिफिकपेक्षाही खारट. पन्नास-साठच्या दशकात इथे बोटी, वॉटर स्कीइंग, नुसती धमाल होती म्हणे. पलीकडच्या काठावर १९५८ मध्ये सॉल्टन सिटी प्लॉटिंग करून विकायला काढली, रस्ते आखले, त्यांना छान छान नावं दिली, आणि आजही त्यातल्या कित्येक रस्त्यांवर एक घर नाही. मग १९७६ आणि ७७ ची वादळं, पूर, मग मासे मरायला लागले. २००३ च्या करारात शेतीचं पाणी सॅन डिएगोकडे वळवायचं ठरलं, तलावात भरपाईचं पाणी २०१७ पर्यंत सोडलं, नंतर ते बंद. काठ मागे मागे सरकतोय आणि उघडा पडलेला गाळ वाऱ्यावर उडतो. २०२० च्या जनगणनेत बॉम्बे बीचला माणसं किती, तर २३१.

हे सगळं मला जाहिरात वाचतानाही गूगल करता आलं असतं. पण विकणारा बोलायला असा गोड, की तलावाच्या दक्षिण टोकाला लिथियम निघतंय, व्हॅल्यू दुप्पट होणार, लॉस एंजेलिसहून आर्टिस्ट येऊन जागा घेतायत. आणि यातलं लिथियमही खोटं नाही, आर्टिस्टही खोटे नाहीत, म्हणून तर फसतो ना माणूस. टॅक्स भरलेले आहेत, टायटल क्लिअर आहे, एस्क्रोच्या (म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायच्या) भानगडीत कशाला पडता उगाच हजार डॉलर जातील, मी डीड, म्हणजे खरेदीखत, पाठवतो तुम्ही पैसे पाठवा. मी पाठवले. डीड आली, काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) रजिस्टरही झालेली होती. मी फ्रेम करून लावणार होतो!

मार्चमध्ये बायकोला घेऊन गेलो, तीन तास ड्राइव्ह. गाडीचं दार उघडलं आणि पहिला आला तो वास, अंडी सडल्यासारखा. पांढरी शुभ्र वाळू दिसली म्हणून चालत गेलो तर पायाखाली कचकच, ती वाळू नव्हतीच, माशांची हाडं आणि शिंपल्यांचा चुरा. जुन्या धक्क्याचे खांब कोरड्या चिखलात उभे, पाणी लांब. जाहिरातीतल्या नकाशात पिन होती तिथे कुणाचं तरी राहतं घर निघालं, समोर गोल्फ कार्ट उभी. (गावात म्हातारी माणसं त्यातूनच फिरतात.)

त्या घरातल्या आजी बाहेर आल्या. त्यांनी माझा पार्सल नंबर, म्हणजे जमिनीचा सरकारी नंबर, चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, ही जागा दोन गल्ल्या मागे आहे, आणि या वर्षात असा शोधत आलेला तू तिसरा. मागच्या गल्लीत माझी जमीन होती. तिच्यावर जळलेल्या ट्रेलरचा सांगाडा, टायर, फ्रिज, एक सोफा. आजींनी थंड पाणी दिलं, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या म्हणाल्या, दुसरीकडे भाडं कोण भरणार, पेन्शन एवढीशी. उन्हाळ्यात ४५ च्या वर जातं, मोठं सुपरमार्केट गाठायला तासभर गाडी हाकायची, आणि वारा सुटला की दारं-खिडक्या बंद करून खोकत बसायचं. हे सगळं अगदी सहज सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही. आमच्यासारख्यांना जागा विकून जो पैसा कमावतो त्यातला एक पैसा या गावात येत नाही, याचा मात्र त्यांना राग होता.

घरी येऊन टॅक्स कलेक्टरच्या साइटवर नंबर टाकला, दोन मिनिटांचं काम. टॅक्स थकलेला, वर काउंटीने मागे कधीतरी साफसफाई केली त्याचा बोजा, मिळून चार हजारांच्या वर. आणि माझी डीड होती क्विटक्लेम. म्हणजे विकणाऱ्याचा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला, असला तर असला, नसला तर नसला, आणि बोजा मात्र जमिनीबरोबर तुमचाच. त्याचा फोन तोपर्यंत बंद. पोलीस म्हणाले सिव्हिल मॅटर आहे, वकील म्हणाला माझी फी तुमच्या प्लॉटपेक्षा जास्त होईल.

तर इथे कुणी अशी स्वस्त वाळवंटी जमीन घेत असाल, मग ती ॲरिझोनात असो की न्यू मेक्सिकोत, आपल्याकडे वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो तसाच इथे टायटल कंपनीकडून रिपोर्ट निघतो, तो काढा, पैसे एस्क्रोतूनच द्या, आणि पिनवर विसंबू नका, पार्सल नंबर काउंटीच्या नकाशात स्वतः शोधा. विकणारा एस्क्रो नको म्हणाला की फोन ठेवा. आणि जाऊन बघा हो, शेजाऱ्याचं दार वाजवा. मला आजींनी जे पाच मिनिटांत सांगितलं ते मी साडेचौदा हजार मोजल्यावर ऐकलं.

सांगाडा उचलायला एका लोकल माणसाला पैसे दिलेत, आजींनीच त्याचा नंबर दिला. टॅक्स हप्त्याने भरतोय. बाबा दर रविवारी विचारतात, प्लॉटचं काय झालं, आणि मी म्हणतो कागदपत्रं चालू आहेत. पूर्ण आकडा त्यांना अजून सांगितलेला नाही.