सणासाठीचा ‘पर्यावरणस्नेही’ संच : खोक्यातील काय घ्यावे आणि काय सोडावे

नाताळ ते नववर्ष या सुट्ट्यांच्या दिवसांत ‘पर्यावरणस्नेही उत्सव’ असे लेबल लावलेले तयार संच आता अनेक कंपन्या विकू लागल्या आहेत. त्यांपैकी एक संच मागवून, त्यातील प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष वापरून हे परीक्षण लिहिले आहे. कंपनीचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक संचांमध्ये थोड्याफार फरकाने याच वस्तू असतात आणि त्यांचे गुणदोषही बरेचसे सारखेच असतात. या संचात एलईडी दिव्यांची एक माळ, भेटवस्तू गुंडाळण्यासाठी तीन आकारांची सुती कापडे, बिया घातलेल्या कागदाची शुभेच्छापत्रे, ‘कंपोस्टेबल’ ताटल्या व पेले, सोया मेणाच्या मेणबत्त्या, काही लाकडी शोभेच्या वस्तू आणि एक मार्गदर्शक पुस्तिका आहे. याच वस्तू साध्या स्वरूपात सुट्या घेतल्या तर जवळपास निम्म्या खर्चात येतात. म्हणजे उरलेले निम्मे पैसे आपण ‘हरित’ या विशेषणासाठी मोजतो, आणि ते विशेषण प्रत्येक वस्तूला कितपत लागू पडते, हे तपासणे त्यामुळे गरजेचे ठरते.

बाहेरचा खोका साध्या तपकिरी पुठ्ठ्याचा आहे. त्यावर चकचकीत थर नाही, चिकटपट्टी कागदी आहे आणि आत थर्माकोलचा कणही नाही. इथवर सारे ठीक आहे. मात्र लाकडी शोभेच्या वस्तू एकेक करून पारदर्शक पिशव्यांत भरल्या आहेत आणि त्यांवर फक्त ‘वनस्पतीजन्य’ एवढेच छापले आहे. ही पिशवी सेल्युलोजची असेल तर ती मातीत सहज मिसळेल. पीएलए या मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लास्टिकची असेल तर मिसळणार नाही. दोन्ही पदार्थ वनस्पतीजन्यच, पण वापरून झाल्यावर त्यांचे होणारे परिणाम पूर्ण वेगळे. ग्राहकाला त्यांतील कोणता पदार्थ हाती आला आहे हे कळत नसेल, तर त्या लेबलाला अर्थ उरत नाही.

संचातील सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे दिव्यांची माळ. तारेच्या जुन्या छोट्या बल्बांमध्ये विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो आणि उरलेल्यातून उजेड मिळतो. एलईडीत हे प्रमाण पुष्कळच सुधारते. शंभर छोट्या जुन्या बल्बांची माळ साधारण ४० वॅट वीज घेते, तर तितक्याच एलईडींची माळ ५ वॅटच्या आसपास. रोज सहा तास याप्रमाणे महिनाभर माळ लावली, तर पहिलीला ७ युनिटांहून थोडी अधिक वीज लागते आणि दुसरीला एक युनिटही पुरते. या माळेला टायमर आहे, जो सहा तासांनंतर दिवे आपोआप बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लावतो. हे साधे बटण संचातल्या कुठल्याही घोषवाक्यापेक्षा अधिक काम करते, कारण रात्रभर दिवे चालू राहण्यामागे बहुतेक वेळा विसरभोळेपणाच असतो. उजेड पिवळसर आणि शांत आहे. स्वस्त माळांमध्ये जो निळसर, डोळ्यांना खुपणारा प्रकाश असतो, तो इथे नाही.

या माळेचा दोष तिच्या बांधणीत आहे. अडॅप्टरमधून वायर जिथे बाहेर येते, तिथे तिला आधार देणारे रबरी आवरण अगदीच तोकडे आहे. माळ गुंडाळताना वायर नेमकी त्याच ठिकाणी वाकते आणि थोड्याच वापरात तिथली पकड ढिली होऊन दिवे लुकलुकू लागले. एलईडी साच्यात कायमचे बसवलेले असल्याने त्यांतला एखादा निकामी झाला तरी बदलता येत नाही. जी वस्तू वर्षानुवर्षे टिकेल असे सांगून विकली जाते, तिच्यात दुरुस्तीला वावच नसावा हे खटकते. एलईडीचे आयुष्य हजारो तासांचे असते हे खरे, पण माळ निकामी होते ती बहुधा वायर आणि जोडांमुळे, दिव्यांमुळे नव्हे. बाजारातील काही संचांमध्ये बटणाएवढ्या छोट्या बॅटरींवर चालणाऱ्या माळा दिलेल्या असतात. त्या मात्र टाळाव्यात. एक तर त्या बॅटऱ्या लवकर संपतात आणि फेकून द्याव्या लागतात. शिवाय लहान मुलाने अशी बॅटरी गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. ही माळ प्लगवर चालते, हा तिचा मोठा गुण.

येथे एक गोष्ट थोडी बाजूला जाऊन सांगायला हवी. विजेच्या दिव्यांनी सजवलेले नाताळचे पहिले झाड १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी उभे राहिले, आणि त्यावर ८० दिवे होते. आज तेवढे दिवे खिडकीच्या एका चौकटीलाही अपुरे वाटतात. वीज कमी लागते म्हणून एकाच्या जागी चार माळा लावल्या, तर बचतीचा मोठा भाग तिथेच खर्ची पडतो. संचाच्या पुस्तिकेत मात्र ‘आणखी एक माळ जोडा’ असा सल्ला पानभर चित्रासह दिलेला आहे.

भेटवस्तू गुंडाळण्याची कापडे ही संचातली सर्वांत देखणी गोष्ट. कापडात भेट बांधण्याची ही पद्धत जपानमध्ये ‘फुरोशिकी’ या नावाने पूर्वापार रूढ आहे. कापड घट्ट विणीचे आहे, काठ दुहेरी दुमडून बारीक टाक्यांनी शिवले आहेत, आणि दोन टोके उलटसुलट ओढून मारलेली सपाट गाठ भेट हातात घेऊन हिंडवली तरी सुटत नाही. कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट असावा, हा पुस्तिकेतला हिशेब बरोबर आहे आणि उपयोगी पडतो. चौकोनी डबे आणि पुस्तके सहज बांधली जातात. बाटलीही थोड्या सरावाने जमते. मऊ, वेड्यावाकड्या आकाराच्या खेळण्याला मात्र कापड गुंडाळले की गाठोड्यासारखे दिसते, आणि त्याला पुस्तिकेतल्या कोणत्याही चित्राचा इलाज चालत नाही. लाल कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात सुटला, त्यामुळे ते वेगळे धुवावे.

पण या कापडांबाबत पुस्तिका जे सांगते ते अर्धेच आहे. सुती कापड तयार करताना पाणी, जमीन आणि ऊर्जा बरीच खर्च होते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली पिशव्यांचा जो तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार केवळ हवामानावरील परिणाम पाहिला तरी साधी सुती पिशवी किमान ५२ वेळा आणि सेंद्रिय कापसाची १४९ वेळा वापरली, तरच ती प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीला येते. वेष्टनाचे कापड म्हणजे पिशवी नव्हे आणि तुलना कागदाशी आहे, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण नवे कापड एकदाच वापरून दुसऱ्याच्या कपाटात पडून राहिले तर त्यात पर्यावरणाचा फायदा नाही, एवढे त्यावरून नक्की समजते. कापड भेटीसोबत जाते आणि परत येत नाही, ही खरी अडचण आहे. घरातल्या घरात, किंवा जिथे कापड मोकळेपणाने परत मागता येते अशा माणसांमध्येच ही पद्धत कामाची ठरते. त्यासाठी नवे कापड हवेच असेही नाही. जुना स्कार्फ किंवा विटलेल्या चादरीचा चांगला राहिलेला भाग तितकाच चालतो, आणि त्याला खर्चही नाही.

‘वेष्टनाचा कागद पुनर्वापरात जात नाही’ असे पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले आहे, तेही सरसकट खरे नाही. साधा, न चमकणारा कागद चिकटपट्टी काढून टाकल्यास बहुतेक ठिकाणी पुनर्प्रक्रियेला चालतो. धातूचा मुलामा, प्लास्टिकचा थर किंवा चमकी असलेला कागद चालत नाही. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे कागद मुठीत चुरगळून सोडावा. चुरगळलेलाच राहिला तर तो बहुधा साधा कागद, आणि पुन्हा उलगडू लागला तर त्यात प्लास्टिक आहे असे समजावे.

संचातील ताटल्या आणि पेले यांविषयी मात्र नाराजी स्पष्ट नोंदवली पाहिजे. ताटल्या उसाच्या चोथ्याच्या आहेत, पेले पीएलएचे, आणि दोन्हींवर ‘कंपोस्टेबल’ असा एकच शिक्का आहे. या शिक्क्यामागे ईएन १३४३२ हे युरोपीय मानक आहे. त्यानुसार वस्तूचे १२ आठवड्यांत इतके तुकडे व्हावे लागतात की २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून अधिक भाग उरू नये, आणि सहा महिन्यांत तिच्यातील सेंद्रिय पदार्थाचा ९० टक्के भाग जीवाणूंनी पचवलेला असावा. मात्र हे तुकडे होणे आणि पचन तपासले जाते ते मोठ्या कंपोस्ट प्रकल्पांतल्या, सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या परिस्थितीत. घरच्या खताच्या टोपलीत एवढी उष्णता क्वचितच तयार होते आणि झाली तरी टिकत नाही. दोन्ही वस्तू घरच्या खतात घालून पाहिल्या तेव्हा ताटली भिजून मऊ झाली आणि हळूहळू खतात मिसळून गेली. पेला मात्र मातीने माखलेल्या अवस्थेत तसाच निघाला, आणि पुसल्यावर त्यावरचे ‘कंपोस्टेबल’ हे अक्षर स्वच्छ वाचता आले. ज्या गावाशहरात औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प नाही, किंवा असूनही तो असे पेले स्वीकारत नाही, तिथे हा पेला व्यवहारात प्लास्टिकच राहतो. तो चुकून पाण्याच्या बाटल्यांच्या पुनर्प्रक्रियेत गेला तर तिथला मालही बिघडवतो.

वापरण्याच्या दृष्टीनेही पेला डावाच आहे. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडू लागते, म्हणून गरम चहा-कॉफी ओतताच पेल्याचा आकार बिघडतो. ताटल्यांबाबत वेगळी शंका आहे. अशा चोथ्याच्या भांड्यांना तेल-पाणी झिरपू नये म्हणून काही उत्पादक पीएफएएस गटातील रसायने वापरत आले आहेत. ही रसायने निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत. याच कारणाने डेन्मार्कने २०२० सालापासून अन्नाशी संपर्क येणाऱ्या कागद-पुठ्ठ्यात त्यांच्या वापरावर बंदी घातली. या संचातील ताटल्यांमध्ये ती आहेत की नाहीत, याविषयी खोक्यावर एक शब्दही नाही, आणि असा संच विकणाऱ्याने तो शब्द लिहायलाच हवा होता. पाहुणे जेमतेम घरच्या भांड्यांना पुरतील इतके असतील, तर या ताटल्या-पेल्यांची गरज काय, याचे उत्तर संचापाशी नाही.

शुभेच्छापत्रांबद्दल थोडक्यात. कागद हाताला खरखरीत लागतो, जेल पेनाची शाई त्यावर पसरते, साधे बॉलपेन चालते. पत्र रात्रभर भिजवून मातीच्या पातळ थराखाली ठेवले की काही बिया उगवल्या, पण त्या कशाच्या हे शेवटपर्यंत समजले नाही, कारण पाकिटावर नुसते ‘रानफुलांचे मिश्रण’ लिहिले आहे. परक्या प्रदेशातील बिया अंगणाबाहेर पसरण्याचा धोका लक्षात घेता वनस्पतींची नावे छापणे आवश्यक होते. तोवर ही पत्रे कुंडीतच लावावीत. पत्रांवर चमकी नाही, ही चांगली गोष्ट. नेहमीची चमकी म्हणजे प्लास्टिकचे धातूचा मुलामा दिलेले सूक्ष्म तुकडे, आणि सुटी प्लास्टिकची चमकी विकण्यावर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातली आहे. मेणबत्त्या स्वच्छ जळतात, काजळी कमी धरतात. त्यांचा सुगंध मात्र जेवणाच्या टेबलावर ठेवण्याजोगा सौम्य नाही.

शेवटी पुस्तिका, जी संचातील सर्वांत कच्ची बाजू आहे. ‘प्लास्टिकचे झाड टाकून द्या आणि यंदा खरे झाड आणा’ असा तिचा सल्ला आहे. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तेवढ्याच उंचीचे खरे झाड कचरा डेपोत कुजले तर त्यातून मिथेन बाहेर पडून ते उत्सर्जन सुमारे १६ किलो होते, आणि झाडाचा भुगा करून मातीवर पसरला किंवा ते जाळले तर साडेतीन किलोच्या आसपास राहते. कृत्रिम झाडाचे ४० किलो तर ते विकत घेतले त्याच दिवशी खर्ची पडले आहेत. घरात असलेले झाड फेकल्याने ते परत मिळत नाहीत, उलट नव्या झाडाचा भार त्यात मिळवला जातो. म्हणून आहे ते झाड मोडेपर्यंत वापरणे हाच यातला शहाणपणाचा हिशेब, पण तो सांगून कंपनीचे काही विकले जात नाही. उरलेल्या अन्नाविषयीही पुस्तिकेत काहीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ साली जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून. सणाच्या मेजवानीत नेमके किती शिजवावे, यासाठी एखादे पान ठेवले असते, तर ते शोभेच्या लाकडी ताऱ्यांपेक्षा कितीतरी उपयोगाचे झाले असते.

पूर्ण संच घेण्याची शिफारस करता येत नाही; पाचपैकी अडीच गुण पुरेत. हीच कंपनी माळ आणि कापडे सुटीही विकते. ज्यांच्याकडे अजून जुन्या बल्बांची माळ आहे, त्यांनी एलईडी माळ जरूर घ्यावी, मात्र अडॅप्टरपाशी वायर वाकणार नाही अशा बेताने ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवावी. ज्यांच्याकडे चालू स्थितीतली एलईडी माळ आधीच आहे, त्यांना या संचातून घेण्यासारखे फार तर कापडांपैकी मधला आकार आहे, तोही लाल रंग सोडून.