वाणाच्या सुपल्या, क्राफ्ट मेळ्यातून

आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या गल्लीत संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे पस्तीस बायका तरी येतातच. इतकी वर्षं मी इतवारीतून ठोक भावात प्लास्टिकचे डबे आणून वाण लुटत होते. मागे माळा आवरताना असे अकरा डबे निघाले, सगळे मलाच वाणात आलेले, काहींची स्टिकरंही तशीच. तेव्हाच ठरवलं की पुढचं वाण हाताने केलेलं असेल आणि करणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पूर्ण पैसे मिळालेले असतील.

त्यासाठी ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा गाठला. सिव्हिल लाइन्सला, आमदार निवासाजवळ, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हिवाळ्यात तो भरतो. सगळ्यात मोठी सोय ही की वस्तू करणारा माणूस समोर बसलेला असतो. त्याला विचारता येतं.

गडचिरोलीकडचे एक बुरूड दादा आणि त्यांची बायको बांबूच्या सुपल्या करत बसले होते. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. सुरी जागची हलत नव्हती. ती पायाशी पक्की धरून ते कामटीच तिच्या धारेवरून ओढत होते, आणि दर ओढीला केसासारखा बारीक भुसका मांडीवर पडत होता. दोनतीन ओढींत कामटी कागदासारखी वाकायला लागली. वीतभर सुपली, ऐंशी रुपये.

माझ्या शेजारच्या बाई पन्नासला मागत होत्या. दादा म्हणाले, "नाही जमत ताई, दोघं मिळून दिवसाला पाचच होतात." मी तिथेच हिशोब विचारला. ऐंशी रुपयांच्या एका बांबूत दहाएक सुपल्या निघतात, म्हणजे पाचांना चाळीस रुपयांचा बांबू. पन्नासने विकल्या तर दोघांच्या हाती दिवसाचे दोनशे दहा. ऐंशीने विकल्या तर तीनशे साठ. घासाघीस करायची माझीही सवय आहे, पण दोन माणसांच्या दिवसातून दीडशे रुपये काढून घ्यायला माझं तोंड उघडलं नाही.

पस्तीस हव्या म्हटल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बांबू व्यापाऱ्याकडून उधारीवर येतो, वर व्याज. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला 2011 मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू विकायचा हक्क मिळाला हे आपण कौतुकाने सांगतो, पण ह्यांच्या गावात अजून ती सोय नाही. फेअर ट्रेडच्या, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराच्या, जागतिक संघटनेचा एक नियम मला माहीत होता : हस्तकलेची ऑर्डर असेल आणि कारागिराने मागितलं तर किमान निम्मे पैसे बिनव्याजी आगाऊ द्यायचे. दादांनी मागितले नव्हते, मीच 2,800 पैकी 1,400 रुपये तिथेच दिले. माझ्या मते हाताने केलेली भेट घेताना हे आगाऊ पैसेच सगळ्यात मोलाचे, फेअर ट्रेडच्या लेबलापेक्षाही.

सुपल्या दहा दिवसांनी एसटीने गणेशपेठला आल्या. काठ घट्ट वळलेला, आतून हात फिरवला तर कुसळ लागत नाही. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे आणि वर तिळगूळ असं भरून दिलं. हळदीकुंकवाला कुठल्याही डब्यापेक्षा सुपलीच शोभते, आणि एकीनेही ती पिशवीत कोंबली नाही, सगळ्याजणी हातात धरून घरी गेल्या.

लेकीसाठी भंडाऱ्याच्या विणकराकडून कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, स्टोल घेतला, करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीच्या करवती काठाचा, 2,400 रुपये. इथे मी सावध होते, कारण आदल्या वर्षी शहरातल्या एका दुकानाने हातमागाची म्हणून दिलेली करवती साडी यंत्रमागाची निघाली होती. त्या साडीच्या मागच्या बाजूला करवतीच्या दात्यांजवळ कापलेल्या धाग्यांची लव होती. हातमागावर तीन धोट्यांनी विणताना काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवतात, म्हणून दाते दोन्हीकडून सारखेच स्वच्छ दिसतात. कपडा उलटा करून बघाच. विणकराने पदराचा एक धागा काढून स्वतःहून जाळून दाखवला : जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरली, म्हणजे रेशीम खरं.

छत्तीसगडमधल्या कोंडागावचा ढोकऱ्याचा, म्हणजे मेणाच्या नमुन्यावरून ओतलेल्या धातूचा, एक दिवाही घेतला, पुण्याच्या नणंदेला. मातीचा साचा फोडूनच तो बाहेर काढतात, त्यामुळे जोडी मागू नका, हुबेहूब दुसरा मिळत नाही.

तक्रार एकच. माझ्याकडे उरलेल्या सुपलीतून तीन आठवड्यांनी पिवळी भुकटी पडायला लागली. कीड. दादांना फोन केला तर त्यांनी टाळाटाळ केली नाही. तो बांबू पावसाळ्यात तोडलेला होता, व्यापाऱ्याने दिला तो घ्यावा लागला, म्हणाले. बदली सुपली पाठवली, तिचे पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, पुढच्या वर्षाचे निम्मे पैसे आत्ताच दिले तर?

"मग थंडीतलाच बांबू तोडून ठेवतो ना, ताई."

पैसे त्याच दिवशी पाठवले. चाळीस सुपल्यांचे.