विसराळूपणाची तपासणी: लातूरमधील एका मेंदूविकार ओपीडीचा अनुभव

आईच्या विसराळूपणावर थेट गोळी लिहून न देता या खासगी ओपीडीत आधी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि सीटी स्कॅन करवून घेतले, शिवाय स्मृती आणखी मंदावणारी तिची झोपेची जुनी गोळी हळूहळू बंद केली, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. डोनेपेझिल हे विसराळूपणावरचे औषध ५ मिलिग्रॅमपासून सुरू करताना नाडी तपासली आणि ‘याने आजार बरा होत नाही, काही काळ लक्षणे सावरतात’ असे स्पष्ट सांगितले. मात्र शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईला स्मृतीच्या चाचणीत कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावण्यात काय हशील? पेरणी, पोळा, नातवंडांची नावे विचारायला हवी होती. रांग तर दुपारपर्यंत हलत नाही.