शेकोटीसाठी लिव्हरमोर की माउंटन हाउस?

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून घर शोधत पूर्वेकडे सरकताना शाळा, हप्ता आणि 580 महामार्गावरचा ट्रॅफिक सगळेच बघतात. मागच्या अंगणात लाकडाची शेकोटी पेटवून बसायची ज्यांना मनापासून आवड आहे, त्यांनी घर आल्टमाँट खिंडीच्या कुठल्या बाजूला आहे तेही बघावं. लिव्हरमोरची हवा बे एरियाच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीत येते. ट्रेसी आणि 1 जुलै 2024 ला शहर झालेलं माउंटन हाउस येतं सॅन होआकिन व्हॅलीच्या मंडळाकडे. मी आधी खिंडीपलीकडे, माउंटन हाउसला राहिलो, आता अलीकडे, लिव्हरमोरला राहतो.

अग्निशमनाचे नियम दोन्हीकडे एकाच कॅलिफोर्निया फायर कोडवर बेतलेले, त्यामुळे तिथे फार फरक पडत नाही. उघडी शेकोटी 3 फूट व्यासाच्या आणि 2 फूट उंचीच्या आत, घरापासून आणि पेट घेईल अशा वस्तूंपासून 25 फूट लांब, आणि विझेपर्यंत कोणीतरी जवळ हवं. या व्याख्येत धार्मिक विधीचा अग्नीही धरलेला आहे, म्हणजे अंगणातली छोटी होळी याच मापात बसते. नव्या वसाहतींच्या अंगणात 25 फूट मिळणं कठीण, म्हणून बहुतेक जण लोखंडी, उचलून ठेवता येणारा फायर पिट घेतात. त्याचे नियम सौम्य आहेत. तरी शहराने स्वतःची काही भर घातली आहे का, ते फायर विभागाला एकदा विचारून घ्यावं.

खरा फरक हवेच्या नियमांत आहे. व्हॅलीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज, दुसऱ्या दिवशी लाकूड पेटवता येईल का, याचा निर्णय जाहीर होतो. 2019 साली नियम बदलला तेव्हा सॅन होआकिन काउंटीसाठी (ट्रेसी आणि माउंटन हाउस त्यातच) बंदीची पहिली पायरी हवेतल्या सूक्ष्म कणांच्या दर घनमीटर 20 मायक्रोग्रॅमवर ठेवली गेली. बे एरियात हा आकडा 35 आहे, पण तिथली बंदी वर्षभरात केव्हाही लागू शकते. 2020 च्या वणव्यांत हवा बिघडल्याचे इशारे सलग 30 दिवस होते. तिथली बंदी मोडलीत तर पहिल्यांदा 100 डॉलर दंड किंवा एक छोटा अभ्यासक्रम, दुसऱ्यांदा 500 डॉलर.

कागदावर हे जवळपास बरोबरीचं वाटतं. माझ्यासाठी प्रश्न सुटला तो वाऱ्यामुळे. माउंटन हाउसला उन्हाळ्याच्या संध्याकाळी खिंडीतून जो वारा सुटतो, त्यात ठिणग्या थेट शेजारच्या कुंपणावर जातात, म्हणून जबाबदार माणूस लाकूड पेटवतच नाही. वारा पडतो तो थंडीत. पण तेव्हा डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात थंड हवा तळाशी साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर हलत नाही. म्हणजे शेकायला बसावं अशी शांत, गारठ्याची रात्र आणि बंदीची रात्र बहुतेक वेळा एकच. नाताळ, 31 डिसेंबर, संक्रांत सगळं त्यातच. शिवाय पहिल्या पायरीच्या दिवशी मंडळाकडे नोंदवलेला घरातला स्टोव्ह पेटवता येतो, पण अंगणातल्या पिटची नोंदणीच होत नाही. शेजाऱ्याच्या धुराड्यातून धूर निघतोय आणि आपली वाळलेली ओकची लाकडं ताडपत्रीखाली पडून आहेत, हे मला फार लागलं. त्या खोऱ्यातल्या मुलांच्या दम्याचा विचार केला तर नियम योग्यच आहे, आणि तो मी पाळला. फक्त माझा हिवाळा त्यात बसत नव्हता.

लिव्हरमोरलाही वारा आहे, पण माझ्या अनुभवात तो इतका हट्टी नाही, आणि डिसेंबरात पेटवता येतील अशा संध्याकाळी नक्कीच जास्त मिळतात. घराची किंमत मात्र चांगलीच वाढते. निव्वळ शेकोटीसाठी एवढे पैसे मोजा असं मी म्हणणार नाही. दोन घरांत मन अडकलं असेल तर मी अलीकडचं घेईन. होळीपुरतं म्हणाल तर दोन्ही बाजू सारख्याच, कारण पौर्णिमा बहुधा मार्चमध्ये येते आणि व्हॅलीचा बंदीचा मोसम तोवर संपलेला असतो.

माउंटन हाउसच ठरलं असेल तर बांधकाम चालू असतानाच बिल्डरकडून अंगणापर्यंत गॅसची लाइन काढून घ्या. गॅसच्या पिटवर यातली कुठलीच बंदी लागू होत नाही, आणि नंतर ती लाइन टाकायची तर काँक्रीट फोडावं लागतं.