शब्बाथला गरम झऱ्यात बसायचं असेल तर: तिबेरियासचं एक हॉटेल (५ पैकी ४)

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मृत समुद्रच बरा, असं अश्दोदच्या आमच्या घरात सगळ्यांचं मत. पण आम्हाला जायला शुक्रवार-शनिवारच मिळतो आणि सासूबाई शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, कडक पाळतात. त्यात जाळ करणं, वीज चालू करणं बंद. शब्बाथला औषधोपचार म्हणून आंघोळ चालत नाही. मृत समुद्रात रेंगाळणारा माणूस उपचारासाठीच आलाय हे कुणालाही दिसतं, म्हणून शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या संहितेत अशा पाण्यात रेंगाळायला मनाई केली आहे. उत्तर इस्राएलमधल्या तिबेरियासच्या गरम झऱ्यांत मात्र धडधाकट माणसंही हौसेनं बसतात, म्हणून तिथं मुभा.

बुकिंगच्या आधी मी फोनवर एकच गोष्ट खोदून विचारली: कुंडातलं पाणी थेट झऱ्याचं की बॉयलरचं? थेट झऱ्याचं, उलट थोडं निववून सोडतो, म्हणाले. खरंच आहे, झरा मुळातच ६० अंशांच्या आसपास. शेजारचा मोठा तलाव मात्र तापवलेल्या पाण्याचा, तो आमच्या कामाचा नाही. शुक्रवारी तापवलेलं पाणीसुद्धा शब्बाथला सगळ्या अंगावर घ्यायचं नसतं.

याचं कारण तलमूद या जुन्या ज्यू धर्मग्रंथात फार मजेदार दिलंय. पूर्वी कालच्या गरम पाण्यात न्हायला परवानगी होती. हमामवाले शब्बाथलाच जाळ करायचे आणि सांगायचे, कालचंच आहे. गुरूंनी गरम पाणी बंद केलं, नुसता घाम काढायची मुभा ठेवली. लोक न्हाऊन यायचे नि म्हणायचे, घाम काढत होतो. तेही बंद. उरले तिबेरियासचे झरे, तर चुलीवरच्या पाण्यानं न्हालेलेही म्हणू लागले, झऱ्यावर गेलो होतो! शेवटी झरेही बंद केले. पण लोकांना ते सोसेना, तेव्हा झरे पुन्हा मोकळे झाले. त्या थापाड्यांमुळे आज माझ्यापुढचा मोठा तलाव बंद, पण त्यांच्यावर रागावताही येत नाही.

शनिवारी सकाळी बायकांची वेळ वेगळी ठेवली होती. कुंडात आम्ही नुसत्या बसलो. पोहायला तलमूदाचा गाभा असलेल्या मिश्नातच मनाई आहे, पोहणारा तरंगण्यासाठी काहीतरी बनवायला बसेल या भीतीनं. काठ बांधलेल्या हौदाला सूट मिळते, पण सासूबाईंना मी तो वाद घालू दिला नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू, सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीचे. बरोबरच्या अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या रीतीच्या) बाई मात्र रिवाज म्हणून पाण्यात उतरल्याच नाहीत, काठावर पाय सोडून बसल्या.

सगळ्यात आवडलं ते टॉवेलचं. कपडा किंवा केस पिळणं शब्बाथला बंद, म्हणून इथं जाडजूड टॉवेल ढिगानं ठेवतात. एक भिजला की बाजूला टाकायचा, दुसरा घ्यायचा. शुक्रवारी संध्याकाळी कार्डाऐवजी साधी लोखंडी किल्लीही न मागता दिली.

एक तारा कापला तो कुंडाजवळच्या शॉवरसाठी. सेन्सरचा! हात पुढे केला की वीज चालू, म्हणजे शब्बाथ पाळणाऱ्याला तो असून नसल्यासारखा. अंगाला खनिजांचा वास घेऊन खोलीपर्यंत यावं लागलं. तिथं साधा थंड नळ होता. इतका विचार करणाऱ्यांना एक साधी तोटी सुचू नये?

जेवण ठीक. शनिवार दुपारचा हामीन (रात्रभर मंद आचेवर ठेवलेला रस्सा) जरा अळणी.

खोली खालच्या मजल्यावरची मागा. शब्बाथची लिफ्ट बटण दाबावं लागू नये म्हणून आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते, आणि ओल्या केसांनी सातव्या मजल्यापर्यंत उभं राहायला सासूबाईंचे गुडघे तयार नव्हते.