व्हेडर की कायलो रेन? सराफ्यातला वाद

काल रात्री इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना मावसभावाने विचारलं, दादा, पोरीला स्टार वॉर्सचे पिक्चर दाखवायचेत, जुन्या व्हिलनपासून, म्हणजे डार्थ व्हेडरपासून सुरू करू की नव्या, कायलो रेनपासून? मग काय, तासभर तेच.

धाक बघ आधी. व्हेडर 1977 च्या पिक्चरमध्ये फार वेळ दिसतच नाही, तरी तो श्वासाचा आवाज आला की अंगावर काटा येतो, आणि तो आवाज स्कूबा डायव्हिंगच्या रेग्युलेटरमधून, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या यंत्रातून काढलाय. मास्क-सूटच्या आत नट डेव्हिड प्राऊस, बोलण्याचा आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, चेहरा थेट 1983 ला नीट दिसतो. कायलो 2015 ला पहिल्याच भागात मास्क काढतो. भाऊ म्हणे तिथेच भीती संपली, मला मात्र तिथूनच तो आवडायला लागला, कारण राग आला की लाइटसेबरने, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीने मशीन फोडणारा, आजोबा व्हेडरसारखं व्हायचंय पण जमत नाही म्हणून आतून जळणारा पोरगा आपण घरोघरी बघतो, आणि अ‍ॅडम ड्रायव्हर नुसत्या डोळ्यांनी ते दाखवतो.

कथेत जुन्या तीन पिक्चरची तिकडी घट्ट आहे, नव्या तिकडीत व्हिलनची दिशा भागागणिक बदलते, ते खटकतंच.

पिक्चर दोन्हीकडे तीन-तीनच, फक्त नवे जरा लांब आहेत.

पोर लहान असेल, चांगलं-वाईट स्पष्ट हवं असेल तर व्हेडर. पोरगी चौदाची आहे आणि सध्या घरात दारं आपटतेय, तर कायलो तिला जवळचा वाटेल, पण आजोबा कोण हे कळायला आधी जुने तीन बघाच.