गल्ल्यामागच्या फळीवरचं महाभारत

सासूबाईंचं म्हणणं, सबंध महाभारत घरात ठेवू नये, भांडणं होतात. त्यांचं मन मोडायचं नव्हतं. म्हणून संपूर्ण महाभारताच्या मराठी भाषांतराचा हा संच दुकानात आला आणि गल्ल्यामागच्या फळीवर, साबणांच्या वरच्या कप्प्यात बसला. आमचं किराणा दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक तुरळक असतं. त्या वेळात वाचत वाचत अठराही पर्वं संपवायला मला दोन वर्षं आणि वर चार महिने लागले. संच घ्यावा का, असं आता बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वस्तूविषयी. मोठ्या आकाराचे, कापडी पाठीचे खंड आहेत. अक्षर ठळक आहे, चष्मा लावून ट्यूबच्या उजेडातसुद्धा त्रास होत नाही. मूळ श्लोक नाहीत, सलग मराठी भाषांतर आहे. ते नीलकंठांच्या पाठावरून, म्हणजे त्यांनी धरलेल्या संस्कृत संहितेवरून केलेलं. नीलकंठ चतुर्धर म्हणजे कोपरगावच्या घराण्यातले, सतराव्या शतकात काशीला राहून त्यांनी महाभारतावर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं विवरण लिहिलं. हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं, कारण पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढा काळ खपून जी चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, तयार केली, तिच्यातले अध्यायांचे आकडे या संचाशी जुळत नाहीत. माझा भाचा संस्कृत शिकतो. त्याने फोनवर सांगितलेला अध्याय मी दोन दिवस शोधत होते, तो सात-आठ अध्याय पुढे निघाला. गणपतीने व्यासांचा लेखक होऊन महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट इथे सुरुवातीलाच आहे. चिकित्सक आवृत्तीत ती मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली आहे.

सुरुवातीची पर्वं भराभर होतात, कारण गोष्ट आपल्याला ठाऊक असते. युद्धाच्या पर्वांत मी बरीच पानं नुसती नजरेखालून घातली. बाणांची वर्णनं किती वाचायची! माझ्यासाठी हा संच खरा सुरू झाला तो शांतिपर्वापासून. युद्ध अठरा दिवसांत संपलेलं असतं, धर्मराज जिंकलेला असतो आणि त्याला राज्य नको असतं, वनात जायचं असतं. मग शरपंजरी पडलेल्या भीष्मांना तो एकामागून एक प्रश्न विचारत राहतो आणि भीष्म गोष्टी सांगत राहतात. शांतिपर्व हे सगळ्यात मोठं पर्व. त्याला लागून अनुशासनपर्व, तेही दांडगंच. बहुतेक जण हे दोन्ही न वाचता पुढे जातात, आणि रोजच्या जगण्याचं सगळं तर इथेच साठवलेलं आहे.

तुलाधाराची गोष्ट मी काट्याशेजारी बसून वाचली. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहतो की त्याच्या जटांत पाखरांचं जोडपं घरटं बांधतं. अंडी होतात, पिल्लं होतात, पंख फुटून उडून जातात. ती पुन्हा येत नाहीत याची खात्री झाल्यावर तो ओरडतो, मला धर्म साधला! तेव्हा आकाशवाणी होते, काशीच्या तुलाधाराची सर तुला नाही. हा तुलाधार कोण, तर वाणी. जाजली त्याच्या दुकानात पोचतो तेव्हा तो माल विकत बसलेला असतो. उठून स्वागत करतो आणि पाखरांची हकीकत स्वतःच सांगून मोकळा होतो. मग म्हणतो, मी दारू सोडून बाकी सगळं विकतो, कपट करत नाही, माझा तराजू सगळ्या जिवांसाठी सारखाच असतो.

इथे मी पुस्तक मिटलं. मापात पाप करायचं नाही हे आमच्याकडे सासऱ्यांपासून चालत आलेलं. जुना तराजू होता तेव्हा दर सकाळी दांडी बघून पासंग सारखा करायचा हा त्यांचा नेम होता. आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, वर्षाच्या वर्षाला त्याच्यावर शिक्का होतो, पिशवी ठेवून आधी शून्य करते आणि मगच माल घालते. त्यामुळे माझा तराजू सरळ, असं मी धरून चालले होते. पण तुलाधार ग्रॅमबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो, सगळ्यांसाठी सारखा. आणि मी रोख देणाऱ्याला गोणीच्या वरचा तांदूळ घालत होते, उधारीवाल्यांना तळाचा, कणी जास्त असलेला. वजन चोख. भावही तोच. कित्येक वर्षं हे करत होते आणि त्यात काही चुकतंय हे कधी जाणवलंही नव्हतं. त्या दिवसापासून गोणी फोडली की आधी परातीत ओतून वरखाली करते, मग डब्यात भरते.

आता संचातल्या सगळ्यात मोठ्या दोषाकडे येते. प्रत्येक कथेच्या शेवटी संपादकांनी एक चौकट टाकली आहे, 'बोध' म्हणून. तुलाधाराखालचा बोध असा: खरा धर्म सदाचरणात आहे. एवढंच. तेवढं वाचून माझ्या तांदळाच्या गोणीत काहीही हललं नसतं. जाजलीने पिल्लं परत येतात का म्हणून महिनाभर वाट पाहिली, तुलाधाराला ते न सांगता कळलं, दुकान चालू ठेवूनच तो बोलला, या सगळ्यातून गोष्ट आपल्यापर्यंत येते. चौकट ती सगळी पुसून टाकते.

चिरकारीच्या गोष्टीखाली तर चौकटीचा मला रागच आला. गौतमाचा हा मुलगा प्रत्येक गोष्टीत फार वेळ लावणारा. लोक त्याला मंद म्हणत. एकदा आईवर रागावून बाप त्याला सांगतो, हिला मारून टाक, आणि तडक वनात निघून जातो. मुलगा शस्त्र हातात घेऊन विचार करत उभा राहतो. बापाची आज्ञा मोडायची कशी, आईला मारायचं कसं, आई म्हणजे काय, बाप म्हणजे काय. पानंच्या पानं हा विचार चालतो. वाचताना वाटतं, किती लांबण! पण त्या लांबणीमुळेच आई जिवंत आहे, हे मला दुसऱ्या वाचनात कळलं. तिकडे बापाचा राग उतरतो आणि तो रडत परत येतो. वाटेत मनाशी एकच धावा करत असतो, चिरकारी, तू आज तरी तुझ्या नावासारखा वाग, आज उशीर केला असलास तर मला वाचवलंस. येऊन बघतो तो मुलगा शस्त्र टाकून पायाशी वाकलेला.

खाली बोध छापलाय: कोणतीही कृती विचारपूर्वक करावी.

आमच्याकडे घरपोच सामान देणारा एक मुलगा होता. एका महिन्याच्या हिशोबात अठराशे रुपये कमी आले आणि मी त्याच संध्याकाळी त्याला काढलं. तो काही बोलला नाही. सायकल लावली, किल्ली गल्ल्यावर ठेवली. पंधरा दिवसांनी खतावणी उतरवताना मला ते अठराशे सापडले. एका गिऱ्हाइकाची जमा मी दुसऱ्याच्या खात्यावर मांडली होती. मी त्याच्या घरी गेले, माफी मागितली. त्याच्या आईने चहा केला, पण तो कामावर परत आला नाही. हे सगळं चिरकारी वाचण्याच्या तीन वर्षं आधीचं. विचारपूर्वक वागावं हे मला तेव्हाही माहीत होतं, कोणाला माहीत नसतं? रडत घराकडे निघालेला तो बाप मात्र माहीत नव्हता. आपण बोलून बसलो आणि आता दुसऱ्याने ते केलं नसेल तर बरं, असं मनात म्हणत चालणारा. त्याचं नशीब की घरी सावकाश मुलगा होता. आमच्याकडे त्या संध्याकाळी सावकाश असं कोणी नव्हतं.

अनुशासनपर्वात पहिल्यालाच गौतमीची कथा आहे, तीही चौकटीकडे न बघता वाचावी. तिचा मुलगा साप चावून जातो. अर्जुनक नावाचा व्याध सापाला बांधून आणतो आणि विचारतो, याला जाळू की तुकडे करू? ती म्हणते, सोड, याला मारून माझा मुलगा येणार नाही. मग साप म्हणतो मला मृत्यूने पाठवलं, मृत्यू म्हणतो मला काळाने, काळ म्हणतो ज्याचं त्याचं कर्म. चौकटीत अर्थातच कर्माचा बोध आहे. पण गौतमीने साप सोडायला सांगितलं ते या वादाच्या आधी, कोणाचा दोष ते ठरायच्या आधी. सूड हवा होता तो व्याधाला, ज्याचं काहीच गेलं नव्हतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीला रिक्षाची धडक बसली तेव्हा दवाखान्याच्या दारात हेच पाहिलं. ड्रायव्हरला धरून ठेवलेले सगळे लांबचे, आणि आई म्हणत होती, त्याला सोडा, आधी रक्त कोण देतंय ते बघा.

भाषा बहुतेक ठिकाणी स्वच्छ आहे, पण भाषांतरकार संस्कृत शब्द तसेच ठेवून पुढे जातात आणि शब्दार्थ कुठेच दिलेले नाहीत. अश्वमेधपर्वात अर्ध्या सोन्याच्या मुंगसाची गोष्ट येते. कुरुक्षेत्रातलं उपाशी कुटुंब दुष्काळात मूठमूठ धान्य गोळा करतं, त्याचं पीठ चौघांत वाटून घेतं, आणि आलेल्या पाहुण्याला एकेक जण आपला वाटा देऊन टाकतो. तिथे छापलंय, ते 'उंछवृत्तीने' राहत. आम्ही त्याला सरवा वेचणं म्हणतो. माझी आजी ज्वारीची काढणी झाली की दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जायची, ओच्यात पडलेली कणसं घेऊन यायची. 'सक्तू' म्हणजे सातूचं पीठ. हे दोन शब्द मराठीत आले असते तर ते घर लगेच समोर उभं राहिलं असतं. माझ्या लेकीला मी ती गोष्ट सरवा म्हणूनच वाचून दाखवली.

कथांची सूचीही नाही. पर्व माहीत नसेल तर गोष्ट सापडत नाही. मी बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर माझी यादी केली आहे आणि ती शांतिपर्वाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली आहे. लेक आठवीत आहे, तिने वाचायला घेतल्यावर बोधाच्या चौकटींवर मी किमतीची कोरी लेबलं लावून टाकली.

बांधणी शिवलेली आहे, पण शांतिपर्वाचा जाड खंड सहा महिन्यांत पाठीतून सुटला. बाइंडरकडून पुन्हा शिवून घ्यावा लागला. त्याच खंडात एक फर्मा (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा लागलेला आणि पुढचा फर्मा गायब. सोळा पानं. प्रकाशकाला दोन पत्रं आणि बरेच फोन झाले, तेव्हा दोन महिन्यांनी पानांच्या झेरॉक्स आल्या, त्याही तिरक्या. एवढा पैसा मोजल्यावर हे व्हायला नको होतं.

तरीही घ्या असंच सांगेन. सगळा संच परवडत नसेल तर सुटे खंड मिळतात. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व घ्या, बाकी नंतर बघा. दुकानातच उभं राहून पानांचे आकडे शेवटपर्यंत तपासा आणि मगच पैसे द्या.